शेवटच्या ओव्हरचा राखण्या

आधीच सांगून ठेवतो, मी मंगळूचं वाईट चिंतलं नाय. टोकावड्यात कुणालाही विचारा, त्या सीझनमध्ये मंगळूसाठी मी जेवढा भांडलो तेवढा सख्ख्या भावासाठी भांडलो नाय. तरी जे झालं ते माझ्याच हातानं झालं, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नाय. तसं आधीही बसवत नव्हतं म्हणा. पायाला भिंगरी जन्मापासूनचीच. पिठाची गिरणी चालवतो, पण एक दळण पडेपर्यंत समोरच्या सकुबाईच्या टपरीवर माझ्या दोन फेऱ्या होतात. सकुबाई चहा गाळता गाळता बोलते, "भगीरथा, बूड टेकव रे जरा. बाकड्याला काटे नाय लावलेत मी."

ही गोष्ट दोन हजार चार सालची. आमच्याकडे भात घरात आलं, शेतं मोकळी झाली की मुरबाड-माळशेज रस्त्यावर गावोगाव टेनिस बॉलचे सामने सुरू होतात ते थेट मे महिन्यापर्यंत. ढेकळं फोडून, पाणी मारून, रूळ फिरवून सपाट केलेलं भाताचं शेत हेच मैदान, आणि सामना सहा ओव्हरींचा. ज्यांचं खेळायचं वय सरलं पण खाज सरली नाय असे आमी दहा-बारा जण मग कागदावर खेळतो. 'कागदी अकरा' बोलतो आमी त्याला. कुठल्याही गावाच्या संघातले मिळून अकरा जण निवडायचे आणि त्यांची नावं कागदावर लिहायची. ती पोरं खऱ्या मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. धावेला एक, झेलाला पाच, विकेटला दहा. आणि सहावी ओव्हर टाकून जो धावा राखील, सामना हातचा जाऊ देणार नाय, त्याचे वीस, पण असा गडी कागदावर एकच लिहायचा. अशा शेवटची ओव्हर टाकणाऱ्याला आमी राखण्या बोलतो. पीक तयार झालं की शेतातल्या माळ्यावर बसून जो डुकरं हाकलतो, तो पण राखण्याच.

सामन्याच्या दिवशी सकाळी आठच्या आत एक नाव बदलता येतं, दिवसाला एकच. बदललेला कागद सकुबाईकडे द्यायचा आणि ती तो टपरीच्या दोरीला चिमट्यानं लावणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा. हा नियम मीच आणला. आधी कागद ज्याच्या त्याच्या खिशात असायचे, आणि आमचा महादू पोस्टमन सामना संपल्यावर नावं बदलून वर आईची शपथ घ्यायचा. मी बोललो, चव्हाट्यावर टांगा कागद, म्हणजे चोराला पळवाट नको. सकुबाईला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाय, म्हणून तिलाच पंच केली.

आता राखण्या पारखण्यात माझा हात धरणारा तालुक्यात कुणी नाय. बढाई नाय मारत, खरं तेच सांगतो. महादूसारखे लोक नुसता आकडा बघतात. "धसईच्या धोंडीनं नऊ सामने राखले रे!" अरे बाबा, पण किती धावा हातात असताना? वीस, बावीस, एकदा तर अठ्ठावीस. तेवढ्या धावा असल्या तर माझी म्हैस पण सामना राखील. मी वहीत लिहून ठेवायचो. ओव्हर सुरू होताना दहाच्या आत धावा होत्या का, आणि त्या दिवसातला हा त्याचा कितवा सामना. सकाळी पायात यॉर्कर टाकणारा पोरगा तिसऱ्या सामन्याला फुलटॉस टाकतो. हात दमतो ना! आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कप्तान. बॉलर कितीही हुकमी असला तरी कप्तानानं बॉलच दिला नाय तर त्याला चाटायचंय का? कुठला कप्तान घाबरला की मेव्हण्याच्या हातात ओव्हर देतो, कुठला एकाच पोराला मरेस्तोवर राबवतो, हे मला तोंडपाठ होतं. लोक दळणाचं निमित्त करून यायचे आणि हळूच विचारायचे, "भगीरथ, राखण्या कोण घेऊ?" खोटं कशाला बोलू, मला ते फार गोड लागायचं.

मंगळू आमच्याच गावदेवी संघाचा राखण्या. डोंगराखालच्या ठाकरवाडीतला, बावीस वर्षांचा. गवताच्या गाठी ट्रकवर चढवायचं काम करायचा. बोलणं जेवढ्यास तेवढं. दहाच्या आत धावा असताना त्यानं त्या वर्षी सात सामने राखले होते. अख्ख्या तालुक्यात दुसरा कुणी तिनाच्या वर नव्हता. पाचवी ओव्हर संपली की तो कुणी हाक मारायची वाट बघायचा नाय. लाँगऑनवरून सरळ चालत यायचा आणि हात पुढे करायचा. कप्तान काळूराम त्याच्या हातावर बॉल ठेवायचा. ना चर्चा, ना काय.

पण हा काळूराम म्हणजे एक नंबरचा भित्रा. तीस धावा राखायच्या असल्या तरी मंगळूच. शनिवारी तीन सामने, रविवारी तीन, सगळीकडे मंगळूच. मी त्याला किती वेळा बोललो, "अरे काळ्या, गोठ्यात दोन बैल आहेत तर एकालाच किती जुंपशील? रोशनला दे की सोप्या वेळी." त्यावर हा बोलणार, "तुझी वही गिरणीत ठेव." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

एप्रिलमध्ये बातमी आली. वाशिंदच्या एका कारखान्याचा स्वतःचा संघ होता, आणि खेळणारी दोन पोरं ते दर वर्षी कायम नोकरीत घ्यायचे. एक जागा भरली होती, एक उरली होती. त्यांचे साहेब आमच्या टोकावड्याच्या फायनलला येणार होते. त्यांनी निरोपच पाठवला होता, तुमचा तो शेवटची ओव्हर टाकणारा बघायचाय. वाडीतून आजवर कुणी कायमच्या नोकरीला लागलं नव्हतं. मंगळूची बायको जिवली सकुबाईला विचारून पण गेली की वाशिंदला खोली केवढ्याला मिळते.

फायनलच्या आधीच्या गुरुवारी मंगळू नाचणी घेऊन गिरणीत आला. दळण झालं तरी जाईना. बाहेर कुणी नाय बघून त्यानं शर्टाचं बटण काढलं. उजवा खांदा सुजून टम्म झाला होता. मी बोट लावलं तर पोरगा कळवळला.

"किती दिस झाले?"

"पंधरा."

"आणि पंधरा दिवस तू टाकतोयस? काळ्याला काय बोलला नायस?"

"बोललो तर तो मला बसवंल दादा. साहेब येतील न् मी पाणी वाटत बसलेला दिसंन." त्यानं बटण लावून घेतलं. "आता एकच ओव्हर टाकता येते. सहा बॉल निघतात. मग दोन दिस हात वर होत नाय. शनिवारी आपला सामना नाय, पण रविवारी सकाळी सेमी हाय, दुपारी फायनल. सेमीत टाकली तर फायनलला निघायची नाय. तुमी काळूरामला कायतरी कारण सांगा ना. तुमचं ऐकतील. पण खांद्याचं नका सांगू कोणाला."

मी शब्द दिला. आणि पाळला, हे पण ऐका! शनिवारी काळूरामच्या घरी जाऊन तासभर डोकं खाल्लं त्याचं. बोललो, "साहेब येणार आहेत. ताजा हात दिसू दे त्यांना. सेमीत शेवटची रोशनला दे, फायनलला मंगळू." नाय हो नाय हो करता करता काळूराम तयार झाला. मी उड्या मारत घरी आलो. खांद्याचं अवाक्षर काढलं नाय.

इथंच थांबायचं ना मी! पण थांबेल तो भगीरथ कसला.

रविवारी सकाळी सहापासून मी गिरणी ते टपरी, टपरी ते गिरणी असा येरझारा घालत होतो. कागदी अकराचा तो शेवटचा दिवस, आणि महादू माझ्यापुढे अठरा गुणांनी होता. सलग तीन वर्षं त्यानंच बाजी मारली होती. वर जिंकला की गावभर टपाल वाटताना सांगत सुटायचा, "भगीरथची अक्कल वहीत, माझी कपाळात." माझ्या कागदावर राखण्या म्हणून मंगळू होता, सीझनच्या पहिल्या दिवसापासून. पण सेमीत मंगळू टाकणार नाय हे मला ठाऊक होतं, मीच तर ठरवून आलो होतो. सेमीत टाकणार रोशन. म्हणजे वीस गुण रोशनचे, आणि रोशन कुणाच्याच कागदावर नाय. मंगळूला ठेवला तर मिळाली तर एक ओव्हर, ती पण दुपारी. रोशनला घेतला तर सकाळचे वीस जवळजवळ खिशात.

मी मंगळू लिहिलं. खोडलं. रोशन लिहिलं. कागद फाडला. दुसरा घेतला. आठला दहा कमी असताना रोशन लिहून सकुबाईच्या हातात दिला आणि आलं टाकून चहा मागितला.

सकुबाईनं कागद वर-खाली वाचला. अक्षर कळतं तिला. "यातला मंगळू कुठं गेला रे?"

"आजच्यापुरता काढला."

"का?"

"खेळातलं आहे गो, तुला नाय कळायचं."

"नाय तर नाय," ती बोलली, आणि चिमटा लावला.

पाच मिनिटांत टपरीवर कल्ला झाला. "भगीरथनं मंगळूला काढला! फायनलच्या दिवशी!" महादू चष्मा पुसून दोनदा वाचून आला. एकानं मला कोपराला धरून विचारलं, "काय झालं रे त्याला? हात गेला का?" आता मी सरळ सांगायला हवं होतं की बाबांनो, सेमीत रोशन टाकणार म्हणून हा बदल, दुसरं काय नाय. पण सांगितलं असतं तर महादूनं पण पटकन नाव बदललं असतं, आठ वाजायला अजून दोन मिनिटं होती. म्हणून मी नुसता हसलो आणि बोललो, "बघा तुमीच." सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की याला आतली गोष्ट ठाऊक आहे. मला बरं वाटलं. कुत्र्यासारखं शेपूट हलवावंसं वाटलं, इतकं बरं वाटलं. मग मी गिरणीला कुलूप घालायला गेलो. दोन्ही संघांची पोरं मैदानात जायच्या आधी टपरीवरच चहा पितात, हे काय मला नवीन नव्हतं.

सेमीत रोशननं चौदा धावा राखल्या. माझे वीस आले. मी महादूच्या दोन गुण पुढे गेलो.

फायनल धसईशी. आमी बावन्न केल्या. साहेब मांडवात खुर्चीवर, डोक्याला रुमाल बांधून. पाच ओव्हरी झाल्या तेव्हा धसईला सात हव्या होत्या. सात! मंगळूसाठीच बनवलेला सामना. मी मैदानाच्या दोरीला चिकटून उभा होतो. खरंच सांगतो, त्या क्षणी मला गुण नको होते, मला तो पोरगा चालत येताना बघायचा होता.

तो आला नाय. लाँगऑनवर उभा राहिला, पायानं माती उकरत. काळूराम बॉल हातात घेऊन त्याच्याकडं बघत होता. मग त्यानं मान वळवली आणि बॉल रोशनकडे टाकला.

मी तोंड उघडलं होतं. "काळ्या, मंगळूला दे!" एवढंच ओरडायचं होतं, काळूरामनं ऐकलं असतं. पण त्याच वेळी डोक्यात आलं की रोशननं राखला तर आणखी वीस. महादू परत वर यायचा नाय, या जन्मात नाय. आणि माझं तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच.

रोशननं पाच धावा दिल्या. सामना आमचा. पोरं मैदानात नाचायला लागली, महादूनं येऊन माझा हात हातात घेतला आणि बोलला, "मानलं बाबा तुला. त्याचा हात गेलाय हे तुला कसं कळलं?" मी मांडवाकडे बघितलं तर साहेब रोशनचं नाव कागदावर लिहून घेत होते. मग ते मंगळूजवळ गेले, काहीतरी बोलले. मंगळूनं मान हलवली. मला वाटलं, साहेब त्याची समजूत घालतायत.

साडेसहाला मैदान रिकामं झालं. मला घरात बसवेना म्हणून परत तिकडे गेलो. मंगळू एकटाच होता. तिन्ही स्टंप उपटून नेले होते, त्यानं जागेवर एक काटकी रोवली होती. धावत येऊन त्यानं बॉल टाकला, काटकीच्या मुळात. जाऊन बॉल आणला, परत टाकला. असे सहा. एक सुद्धा फुलटॉस नाय. चार वेळा काटकी पडली. सहाव्यानंतर त्यानं उजवा हात डाव्या हातानं धरला आणि मी दिसलो तसा बोलला, "निघाले की दादा."

तेवढंच. आवाजात राग नव्हता, नवल होतं. मला ते तेव्हा कळलं नाय. मला वाटलं तो काळूरामच्या नावानं तळमळतोय. मी तसाच काळूरामच्या दारात गेलो आणि त्याच्या बायकोपोरांसमोर त्याला नाय नाय ते बोललो. भित्रा बोललो, पोराच्या पोटावर पाय देणारा बोललो. काळूराम जेवत होता. ताटावरून न उठता बोलला, "तूच आलास शनिवारी सांगायला, मंगळूला सेमीत नको. तूच काढलास रविवारी कागदावरून. मी समजायचं काय? आधी तुझा कागद बघ जा."

रात्र कशी गेली ते विचारू नका. सोमवारी गिरणी बंद ठेवली. पहिल्या एसटीनं मुरबाड, तिथून शहापूरची गाडी, तिथून वाशिंद. कारखान्याच्या गेटवर वॉचमननं दोन तास उभं केलं. साहेब भेटले, चांगला माणूस, खुर्ची दिली. मी बसलोच नाय. उभ्यानंच सगळं ओकलो. साहेब, तो तालुक्यातला पहिल्या नंबरचा राखण्या आहे. दहाच्या आत सात वेळा, माझ्या वहीत लिहिलेलं आहे. कप्तानानं बॉल दिला नाय हो, त्यात त्याचा काय दोष? एकदा बघा त्याला, सहा बॉल, फक्त सहा.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग बोलले, "अहो, मी त्याला विचारलं ना. सामना संपल्यावर त्याच्याजवळ गेलो. बोललो, बॉल मिळाला नाही तर नाही, आत्ता इथं सहा बॉल टाकून दाखव, मी बघतो. मी त्याच्यासाठीच आलो होतो. तोच म्हणाला, साहेब, माझा हात गेलाय, आता नाही निघायचे. मग मी काय करणार? दुसऱ्या मुलाचं पत्र आज सकाळी गेलं."

मी परत कसा आलो ते मला आठवत नाय. डोक्यात एकच. हात गेलाय असं हा बोललाच कसा? नंतर तर सहाच्या सहा टाकले, मी डोळ्यानं बघितलं. मग साहेबांना नाय का बोलला? मला राग आला होता, मंगळूचाच राग आला होता. हातात आलेला घास या येड्यानं थुंकला! टोकावड्याला उतरलो तो घरी न जाता तसाच गवताच्या वखारीवर गेलो.

मंगळू ट्रकला गाठी लावत होता, डाव्या हातानं आणि छातीनं रेटून. मी खालूनच ओरडलो, "साहेबांनी विचारलं होतं ना तुला? सहा बॉल टाक बोलले ना? मग नाय का बोललास रे? अक्कल गहाण टाकलीस काय?"

त्यानं गाठ वर ढकलली. घाम पुसला. मग खाली उतरून माझ्यासमोर उभा राहिला.

"दादा, सकाळी चहाला गेलो तवा तुमचा कागद वाचला. माझं नाव नव्हतं." तो जमिनीकडं बघत होता. "खांद्याचं तुमालाच ठावं होतं. तुमी हात लावून बघितलावता. अख्खा तालुका तुमाला विचारून बॉलर घेतो. मी बोललो, दादानं काढलं म्हंजे हात गेलाच असंल. मला वाटतंय निघतील, पण दादाला जास्त कळतं. मग कशाला बॉल मागू, न् कशाला साहेबासमोर हसं करून घेऊ? समदी गेल्यावर सहज टाकून बघितले. तर निघाले."

तिथून पळून जावंसं वाटलं, आणि पायांनी पहिल्यांदाच ऐकलं नाय.

"मंगळू," मी बोललो, "हातासाठी नव्हतं काढलं रे. सेमीत तू टाकणार नव्हतास. रोशन टाकणार होता. वीस गुण होते, म्हणून काढलं. तुझ्या हाताचा मी विचारच केला नव्हता."

त्यानं मान वर केली.

"एवढंच?"

"एवढंच," मी बोललो.